डॉक्टरांनी कार्डावर ‘ए.ए. मीटिंग’ लिहून दिलं, आता जायचं कुठं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आलाय. मालक (नवरा) अडतिशीचे, घरची कोरडवाहू कापूस-सोयाबीनची शेती. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात राहून आले, त्याला दीड महिना झाला, अजून तरी दारूला हात लावलेला नाही. सुट्टी देताना डॉक्टरांनी कार्डावर ‘ए.ए. मीटिंग – नियमित’ असं लिहिलं. गावात कोणाला हे काय ते माहीत नाही. तालुक्याचं गाव पंचवीस-तीस किलोमीटर. मालक म्हणतात, ‘मी काय बेवडा आहो का, बेवड्यांत जाऊन बसाले?’ ताईंना विचारायचंय की ही मीटिंग शोधायची कशी, तिथं काय करतात, देवाधर्माचं आहे का, गावभर होईल का, आपल्याला सोबत जाता येईल का. आणि दीरही पितो, त्यालाही धाडावं का.

ताई, आधी पत्ता कसा काढायचा ते सांगतो.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात शेअर बाजारात काम करणारा एक आणि एक सर्जन, दोघंही दारूनं पार बुडालेले, एकमेकांशी बोलत राहून सावरले. तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. यांचं गावोगावी ऑफिस नसतं, कारकून नसतो. गट म्हणजे आठ-दहा माणसं, आठवड्यातला एखादा वार आणि कोणीतरी वापरायला दिलेली खोली. खोली शाळेची असेल, चर्चची असेल, दवाखान्याची किंवा एखाद्या समाजमंदिराचीही असेल. बाहेर पाटी असेलच असं नाही. म्हणून बसस्टँडवर उतरून पानठेल्यावर विचारत जाऊ म्हणाल, तर सापडायची नाही. शिवाय पानठेल्यावर विचारणं भाऊंना, म्हणजे तुमच्या मालकांना, आवडणारही नाही.

सगळ्यात खात्रीचा रस्ता वॉर्डातूनच जातो. भाऊ भरती असताना बाहेरची दोन-तीन माणसं येऊन आपापली कहाणी सांगून गेली का, ते त्यांना विचारा. बऱ्याच व्यसनमुक्ती वॉर्डांत ए.ए.ची माणसं अशी येतात. त्यांच्यातल्या कोणाचा तरी नंबर वॉर्डातल्या समुपदेशकाकडे असतो. कार्डावरच्या नंबरला फोन लावून तोच मागा. तिथं नाही जमलं तर १४४४६ लावा. ही केंद्र सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. ए.ए.च्या वेबसाइटवरही गावं आणि वार दिलेले असतात, मुलाला किंवा पुतण्याला मोबाइलवर पाहायला सांगा. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आजारांच्या ओपीडीतही विचारता येतं. गडचिरोलीकडचे कोणी हे वाचत असतील तर त्यांनी आधी ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती कार्यक्रमाच्या आपल्या तालुक्यातल्या माणसांना गाठावं. ‘सर्च’ या संस्थेच्या सोबतीनं २०१६ पासून तिथं तालुक्याला उपचार आणि गावात शिबिरं असं काम चालतं.

पण यादीत नाव दिसलं म्हणून उठून निघू नका. खोली बदलते, वार बदलतो, परीक्षा आल्या की शाळावाले खोली देत नाहीत. आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. या आठवड्यात मीटिंग नक्की आहे का, खुली आहे (घरच्यांनाही बसता येतं) की बंद (फक्त सोडू पाहणाऱ्यांची), आणि बसस्टँडवर घ्यायला कोणी येईल का. तिसरी गोष्ट विचारायला लाजू नका. तिथली माणसं नवीन माणसाला घ्यायला आनंदानं येतात, त्यांच्या स्वतःच्या सोडण्याचाच तो भाग असतो. अनोळखी गावात अनोळखी खोलीच्या दाराशी एकट्यानं उभं राहणं फार अवघड असतं, आणि पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात. परतीच्या वाटेवर भट्टी असतेच.

आता मी ज्याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो ती गोष्ट. शहरातला माणूस मीटिंग सोडतो ती कंटाळून. खेड्यातला सोडतो ती बहुधा बसमुळे. मीटिंग साधारण संध्याकाळी साडेसहा-सातला लागते, तास-दीड तास चालते, मग चहा. तोवर शेवटची मुक्कामी गाडी निघून गेलेली असते आणि काळीपिवळीवाल्यानं केव्हाच घर गाठलेलं असतं. पहिल्यांदा कोणी मोटरसायकलवर सोडून देतो, दुसऱ्यांदा भाऊंना संकोच वाटतो, तिसऱ्यांदा ते जातच नाहीत. घरचे म्हणतात, याची सोडायची इच्छाच नाही. इच्छा असते हो, गाडी नसते.

तेव्हा मीटिंग निवडताना कोणती जवळ आहे हे पाहू नका, कोणती संपल्यावर त्याच दिवशी घरी येता येतं ते पाहा. रविवारी सकाळी किंवा दुपारी लागणारी मीटिंग दहा-पंधरा किलोमीटर लांब असली तरी तीच धरा. बसचं जायचं-यायचं वेळापत्रक कागदावर लिहून घ्या. तुमचं तिकीट एसटीत तसंही अर्धंच लागतं, तेव्हा सुरुवातीला तुम्ही सोबत निघालात तर खर्च फार वाढत नाही.

एक सोय वाटते ती खरं तर अडचण आहे, तेवढी सांगून ठेवतो. पुष्कळ जण बाजाराच्या दिवशीची मीटिंग धरतात. तालुक्याला जाणं होतंच, कोणी ‘कुठं चालले भाऊ’ म्हणून विचारत नाही. पण बाजाराच्या दिवशी खिशात पैसे असतात, जुने सोबती भेटतात, आणि त्या दिवशी भट्टीसमोरून न जाता स्टँडवर पोचणं आपल्याकडच्या किती गावांत जमतं, तुम्हीच सांगा. पहिले काही महिने बाजाराचा वार टाळलेला बरा. दुसरा काही इलाजच नसेल तर पैसे तुमच्याकडे ठेवा आणि मीटिंग आधी, बाजार नंतर.

आत काय होतं? जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसलेली. भिंतीवर पाढे आणि बाराखडी, त्यांच्यावरच खिळ्याला अडकवलेली दोन कापडं. एकावर बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यानं एकेक करून चढायच्या, दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे गट कसा चालवायचा ते. टेबलावर दोन-चार पुस्तकं आणि एक डबा. एक जण मीटिंग चालवतो, तो त्या दिवसापुरता. साहेब कोणीच नसतो. सुरुवातीला क्षणभर शांत बसतात, ए.ए. म्हणजे काय ते छापील कागदावरून वाचतात, मग एकेक जण बोलतो. आधी नाव, फक्त पहिलं. मग ‘मी एक मद्यपी’. कोणी सरळ ‘मी एक बेवडा’ म्हणतो आणि बाकीचे हसून नमस्कार करतात. मग पाच-सात मिनिटं तो स्वतःचं सांगतो. याला ते शेअरिंग म्हणतात.

शेअरिंगमध्ये कोणी काय सांगितलं ते बाहेर सांगायचं नसतं, आणि मी तर खुल्या मीटिंगांना पाहुणा म्हणून बसलेला माणूस. म्हणून कोणा एकाचं सांगत नाही, सगळ्यांचं मिळून कसं असतं तेवढं सांगतो. सोयाबीनचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात आला की घर सोडून पाय कुठं वळायचे. पोरीच्या फीचे पैसे कसे गेले. सकाळी हात कापायचे म्हणून चहाची बशी धरता येत नव्हती, आणि ती थरथर कोणाला दिसू नये म्हणून काय काय केलं. सासऱ्याच्या तेरवीत काय तमाशा झाला. ऐकणारे मधे बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत, ‘असं कसं केलं’ म्हणत नाहीत. भाऊंना आजवर दारूवर जे जे ऐकायला मिळालं, ते न पिणाऱ्यांकडून मिळालं. तुम्ही, आई, सरपंच, डॉक्टर, मी. इथं पहिल्यांदा सांगणाराही पिणारा असतो.

मधेच डबा फिरतो. ज्याला जमेल त्यानं दहा-वीस टाकायचे, खोलीचं भाडं, चहा आणि पुस्तकं त्यातून. नाही टाकले तरी कोणी पाहत नाही. नोंदणी नाही, फी नाही. बाहेरच्या माणसाकडून ते देणगीही घेत नाहीत, त्यामुळे मीटिंगच्या खोलीत ‘आमदार निधीतून’ लिहिलेला पंखा दिसला तर तो शाळेचा समजायचा.

पहिल्या दिवशी भाऊंनी बोललंच पाहिजे असं नाही. ‘मी आज ऐकायला आलो’ एवढं पुरतं. आणि ‘मी काय बेवडा आहो का’ या प्रश्नावर घरात वाद घालू नका, जिंकलात तरी हाती काही लागणार नाही. तिथं आत यायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. बेवडा आहे की नाही हे दुसरा कोणी ठरवत नाही. ‘मी स्वतःला तसा समजत नाही, पण प्यायची नाही एवढं पक्कं आहे’, असं म्हणणारा माणूसही त्या बाकावर बसू शकतो. एका मीटिंगवरून मात्र ठरवू नका. पहिली मीटिंग बहुतेकांना आवडत नाही. कोणी फार बोललेला असतो, कोणी रडलेला असतो. चार-पाच तरी होऊ द्या. आणि दुसरा गट आवाक्यात असेल तर तोही पाहा, प्रत्येक गटाची हवा वेगळी असते.

देवाचं म्हणाल, तर पायऱ्यांमध्ये ईश्वर आहे, शेवटी एक छोटी प्रार्थनाही म्हणतात. पण ईश्वर म्हणजे ‘ज्याला जसा समजला तसा’, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एखादा गजानन महाराजांना मानतो, एखाद्याला पंचशीलातलं नशा न करण्याचं पाचवं शील पुरतं, तर कोणी म्हणतो मला ही खोलीतली दहा माणसंच पुरे. कोणी वर्गणी, दीक्षा, फोटो असं काही मागितलं तर ती ए.ए. नव्हे, तिथून उठून या.

तुम्ही विचारलं नाही, तरी शपथेचं बोलतो, कारण तुमच्या भाऊंनी ती आधी एक-दोनदा घेतली असणारच. आपल्याकडे दारू सोडायची म्हणजे माळ घालायची, नाहीतर पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा. काहींची त्यानं सुटते, मी नाकारत नाही. पण शपथ एकदा मोडली की माणूस पूर्ण मोडतो. आता पाप झालंच आहे तर एक पव्वा काय आणि चार काय. सोडल्यावर पुन्हा पिण्याला गटात ‘स्लिप’ म्हणतात. स्लिप झालेला माणूस पुढच्याच मीटिंगला येऊन ते सांगतो आणि बाकीचे त्याला पुन्हा बसवून घेतात. जन्मभराचा शब्द कोणी मागतच नाही, आजचे चोवीस तास विचारतात. दारू हा परत परत उलटणारा आजार आहे, तेव्हा पडल्यावर पुन्हा जाता येईल अशी जागा हवी. भाऊ उद्या पिऊन आले तर ‘तुमची मीटिंग काय कामाची’ असं म्हणू नका. पुढच्या रविवारी जायचं एवढं पाहा. त्या दिवशी घेतलेली असेल तरी गट दार लावत नाही, फक्त बोलू नका, ऐका म्हणतात. मोटरसायकल मात्र भाऊंच्या हाती देऊ नका.

गावभर होईल का? गटातली माणसं बाहेर नाव काढत नाहीत, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. मास्तर आणि त्याच्याच गावचा सालगडी शेजारी शेजारी बसतात आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर ‘रामराम’पलीकडे काही नाही. तरी खेडं ते खेडं, दर रविवारी कुठं जातात हे लोकांना कळणारच. पण ताई, भाऊ पीत होते हे गावापासून कधी लपलं होतं? आता लपवायचं काय, तर ते पीत नाहीत हे? वर्धा आणि गडचिरोलीकडच्यांना आणखी एक भीती असते. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, मग ‘मी पितो’ असं दहा जणांत कबूल केलं तर पोलीस? मीटिंगमध्ये आडनाव, गाव, पत्ता काहीच विचारत नाहीत, मग कळवणार कोणाला आणि काय.

तुम्हाला सोबत जाता येतं, खुल्या मीटिंगला. बंद मीटिंग फक्त सोडू पाहणाऱ्यांची असते, तेव्हा बाहेर थांबावं लागेल. माझं मत असं की पहिल्या एक-दोन वेळा जा, दारापर्यंत सोडा, परतीची बस धरा. नंतर त्यांना एकट्यांना जाऊ द्या. तुम्ही समोर बसलात की भाऊ खरं बोलणार नाहीत, तुमच्यासाठी बोलतील. घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळे गट असतात, १९५१ पासून. पण आपल्या ग्रामीण भागात ते क्वचितच सापडतात, ऑनलाइन शोधावे लागतात. ते नाही जमलं तर वॉर्डातल्या समुपदेशकाला स्वतःसाठी वेळ मागा, भाऊंसाठी नव्हे. आणि घरात मारहाण होत असेल तर त्यावर मीटिंग हा इलाज नाही. त्यासाठी १८१ आहे, लगेचचा धोका असेल तर ११२. दारू सुटेपर्यंत सोसायचं, असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

आठवड्याची एकच मीटिंग मिळणार, मग मधले सहा दिवस काय? शहरात नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात. आपल्याकडे ते बोलूच नका. इथं फोनवर भर द्या. पहिल्याच दिवशी दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि रोज संध्याकाळी, म्हणजे पूर्वी ज्या वेळेला पाय वळायचे त्या वेळेला, एकाला फोन. ‘कसं चाललं?’ ‘बरं आहे.’ एवढंच बोलणं झालं तरी चालतं. ज्याची जास्त वर्षं झाली आणि ज्याच्याशी सूर जुळला, तो पुढे स्पॉन्सर होतो, म्हणजे अडीनडीला रात्रीही ज्याला उठवता येतं असा माणूस. मोबाइलवर ऑनलाइन मीटिंगाही असतात, मराठीतल्याही. गच्चीवर किंवा वावरात जिथं रेंज येते तिथं बसून कानात लावून ऐकता येतं. बाईमाणसाला स्वतःला सोडायची असेल तर हा मार्ग जास्त सोयीचा. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीनं जाऊन बसणं आपल्याकडे अजून सोपं नाही.

पोळा आणि पोळ्याची कर, कापसाचा चुकारा, लग्नसराई, ग्रामपंचायतीची निवडणूक. हे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा आणि त्या आठवड्यात गटातल्या माणसाला घरी जेवायला बोलवा. करीच्या दिवशी तर भाऊंनी गावात नसलेलं उत्तम, बहिणीकडे जा, कुठंही जा.

याचा खरंच उपयोग होतो का, असं दवाखान्यातही विचारतात. २०२० साली कॉक्रेन या संशोधन-आढावा घेणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांवर माणसांचे. माणसाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलं, तर पूर्ण बंद ठेवण्यात ते इतर नावाजलेल्या उपचारांच्या बरोबरीचं, काही बाबतींत सरस ठरलं. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले, हे लक्षात घेऊन वाचायचं. माझ्या दृष्टीनं त्यातला कामाचा शब्द ‘जोडून दिलं’ हा आहे. कार्डावर लिहून देणं म्हणजे जोडून देणं नव्हे, म्हणूनच एवढं लांबण लावलं.

गोळ्या चालू ठेवायच्या. गटातला एखादा जुना माणूस ‘मी बिनागोळीचा सुटलो, तूही सोड’ म्हणेल. ए.ए.चं स्वतःचं औषधांवर काही म्हणणं नाही, ते त्या माणसाचं आहे. गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच. आणि ‘न सांगता जेवणात टाका, दारू सुटेल’ असली पुडी कोणी देत असेल तर घेऊ नका. तिच्यात काय आहे ते कळत नाही. दारू सोडवायला देतात ते डायसल्फिरम नावाचं औषध असेल, आणि माणूस न कळता वरून प्याला, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली, जीवही जाऊ शकतो. भाऊंना डॉक्टरांनीच ती गोळी दिली असेल तर त्यांना हे माहीत असलंच पाहिजे, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो.

दिराचं. त्याची इच्छा असेल तर भाऊंसोबत जरूर जाऊ द्या, नुसतं पाहायला म्हणून गेला तरी हरकत नाही. पण तुम्ही लिहिलंय की तो सकाळी उठल्या उठल्या घेतो. अशा माणसानं मीटिंगमध्ये ऐकून जोशात एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं, ताप येतो, माणूस दगावतोसुद्धा. लोक त्याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात आणि वेळ जातो. म्हणून त्याला आधी जिल्हा रुग्णालयात दाखवा, दारू किती आणि कधीपासून ते खरं सांगा, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि थरथरीवरची औषधं तिथं देतात. ते आठ-दहा दिवस पार पडले की त्याला रविवारच्या बसमध्ये बसवा.